टँकरच्या ग्रुपवरचे गोपनीयवाले

प्रज्ञावर अन्याय झाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, पोस्टमनची सायकल आमच्या वस्तीतून परत फिरायच्या आत. पोलीस भरतीत निवड झालेली ती आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. पत्रात लिहिलं होतं की चारित्र्य पडताळणीत प्रतिकूल शेरा आल्याने तिची नेमणूक पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात येत आहे. शेरा एका ओळीचा होता: 'बेकायदेशीर जमाव जमवणाऱ्या समाजमाध्यम समूहाची चालक.'

तो समूह म्हणजे आमच्या वस्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नाव, 'टँकर आला का'.

हे सगळं मी पत्रकात लिहून झालंय, भाषणात ओरडून झालंय. आज मला ज्या माणसाच्या फोनमधून हा शेरा निघाला त्याच्याबद्दल लिहायचंय. त्याचं नाव लिहिणार नाही. तसंही ते कुणी घेत नव्हतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक टेबल गोपनीय शाखेचं असतं. कुठं मोर्चा निघणार, कोण भाषण करणार, कुठल्या गावात काय धुमसतंय, हे गुपचूप काढून वर कळवणं हे त्या टेबलाचं काम. आमच्याकडे त्या टेबलावर एक हवालदार होते. सगळे त्यांना 'गोपनीयवाले काका' म्हणायचे, अगदी चौकात हाक मारून. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यांना तर बिलकुल नाही.

साध्या वेशात राहायचा त्यांना हुकूम होता, म्हणून ते चौकड्याचा शर्ट घालायचे. त्याखाली खाकी पँट आणि लाल-तपकिरी सरकारी बूट. मी एकदा म्हटलं, "काका, खालून तर पूर्ण पोलीस दिसता." ते म्हणाले, "लोक तोंडाकडं बघतेत गं. पायाकडं कोण बघतं?" मोर्चाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला. "काय पत्रकवाली, उद्याचं हे ना? टाइम तेवढा बराबर सांग. मला गोळी खाऊन निघावं लागतं."

आणि मोर्चात ते सगळ्यात पुढं, ध्वनिक्षेपकाच्या शेजारी. घोषणा उतरवून घ्यायची त्यांची सक्त सवय होती, आणि हात मंद. मी मुठी वळून घसा ताणत असायचे आणि काका मध्येच हात वर करायचे. "एक मिनिट! 'जाब द्या' च्या आधी काय म्हणलीस?" मी पुन्हा सांगायचे. लोक हसायचे. एकदा तर मागून एक म्हातारी ओरडली, "ए पोरी, हळू बोल, काका लिवून राह्यले." तहसीलदाराविरुद्धची ती घोषणा आम्ही त्या दिवशी शाळेतल्या शुद्धलेखनासारखी दिली. मी संतापाने लाल झाले होते. राग तहसीलदारावर होता की काकांवर, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आमच्या पत्रकाच्या दोन प्रती ते मागून घ्यायचे, एक सरकारला आणि एक त्यांना स्वतःला. स्वतःची प्रत वाचून दुसऱ्या दिवशी शेरा द्यायचे. "शिव्या लई झाल्यात. मागणी खाली दबली. साहेब शिव्या वाचून थांबतो, मागणीपर्यंत येतच न्हाई." मला हे पटायचं नाही. पुढच्या पत्रकात मी मागणी वर घ्यायचे, तो भाग वेगळा.

आता कुणी म्हणेल, किती गोड म्हातारा! थांबा. ते गोड नव्हते, ते आमच्यावर पाळत ठेवायचे. एका मंत्र्याचा दौरा होता, त्या सकाळी मला आणि आमच्या दोन पोरांना घरून उचलून दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, कारण आम्ही काळे झेंडे दाखवणार असल्याचा अहवाल वर गेला होता. अहवाल कुणी दिला? यांनीच. अकराच्या सुमारास हेच गृहस्थ पोह्याचा डबा घेऊन आले. मी डबा सरकवला. म्हटलं, "तुमच्यामुळंच आत आहे मी. तुमचे पोहे नकोत." ते बाकावर माझ्याशेजारी बसले. "बसवलं मीच. मंग उपाशी कामून ठेवू?"

मी पोहे खाल्ले नाहीत. बाकीच्या दोघांनी खाल्ले आणि वर लिंबू मागितलं.

आमच्या वस्तीत ते पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याची बाटली बरोबर घेऊन आले. काका केदारखेड्याचे, जुन्या जमीनजुमल्याच्या घरातले. आमची वस्ती कुणाची, हे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही, पंचशील झेंडा लांबून दिसतो. प्रज्ञाची मावशी, सुमनमावशी, तिनं तांब्या पुढं केला. काकांनी बाटली दाखवली. मावशी म्हणाली, "बाटलीत भरलेलं बी टँकरचंच असंल काका. टँकर तर एकच हे. आमच्या इथनं पुढं तुमच्याकडं जातो." सगळ्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. काकांनी बाटली पिशवीत टाकली, तांब्या घेतला आणि वरून न पिता ओठाला लावून प्यायले. पुढच्या वेळी बाटली नव्हती. यासाठी मी त्यांना मेडल देणार नाही. साठीला टेकलेल्या माणसाने पाणी पिणं याला मेडल लागत असेल तर आपल्या सगळ्यांची शरम आहे.

त्यांचं एक तत्त्व होतं. माहिती मागून येत नाही, तिच्याजवळ बसावं लागतं, तिला चहा पाजावा लागतो. म्हणून ते बसायचे. मावशीच्या ओट्यावर, न्हाव्याच्या दुकानात, बदनापूरच्या फलाटावर. राहायला ते बदनापूरला होते, आणि सुट्टीच्या दिवशीही संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचे. गाडीतून कोण उतरलं, कुणाबरोबर उतरलं, कुणाच्या हातात नवी बॅग आहे. "सवय लागली," म्हणायचे. "बायको म्हणती दुसरीला भेटाया जातो. मी म्हणलं ये बघाया. ती बी आली एकदा. गाडी लेट होती, कंटाळून घरी गेली."

आणि एके दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली तयार झाली. थंडगार, पडदे ओढलेली, भिंतीवर मोठे पडदे दुसरे, उजेडाचे. सोशल मीडिया कक्ष. तिथे ओळीने संगणक आणि कानाला हेडफोन लावलेली पोरं. त्या दिवसापासून काकांना रोज फर्मान: तुमच्या हद्दीतले ग्रुप कळवा, फोटो टाका, ठिकाणाच्या नोंदीसकट टाका, स्क्रीनशॉट टाका. मुलाचा जुना फोन त्यांच्या हातात आला. एका बोटाने टाइप करायचे, तेही चष्मा कपाळावर सारून. पहिल्याच आठवड्यात जिल्ह्याच्या अधिकृत ग्रुपवर त्यांच्याकडून 'शुभ सकाळ' लिहिलेलं गुलाबाचं फूल गेलं. वरून विचारणा झाली. काका म्हणाले, "फुलाचा खुलासा लिवून द्यावा लागला. फूल कुठल्या संघटनेचं हे, असं विचारलं."

पण एकदा ओट्यावर बसल्या बसल्या ते जे म्हणाले ते मी विसरले नाही. "आधी साहेब विचारायचे, लोक काय म्हणतेत? आता विचारतेत, लोकांनी काय टाकलं?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

'टँकर आला का' हा ग्रुप प्रज्ञाने काढला, होळीनंतर पहिला टँकर सुरू झाला त्या आठवड्यात. टँकर केव्हा येईल याचा नेम नसतो. कुणी मजुरीला, कुणी कॉलेजला, कुणी बाळंतिणीपाशी. ज्याला दिसेल त्याने टाकायचं, एवढंच काम. प्रज्ञा अ‍ॅडमिन झाली. मावशीने तिला धरलं. "तू अ‍ॅडमिन आन मी कामून न्हाई? मी तुझी मावशी." मावशीला केलं. मग शेजारची रुसली, "मावशी अ‍ॅडमिन, आन माझ्या दारात टँकर उभा राहतो त्याचं काय?" दोन दिवस बायकांत बोलणं बंद. शेवटी प्रज्ञाने ओट्यावर बसून एकेकीला अ‍ॅडमिन करून टाकलं. गुरुजींना केलं, दुकानदाराला केलं. काका तिथंच चहा पीत बसले होते. मावशी म्हणाली, "यांना बी कर गं. उद्या म्हणतील मला राहू दिलं." सगळ्या खो खो हसल्या. काकाही हसले. प्रज्ञाने त्यांचा नंबर टाकला आणि त्यांना अ‍ॅडमिन केलं.

जगात कुठल्याही गुप्तहेर खात्याचा माणूस आपल्याच पाळतीवरच्या गटाचा चालक म्हणून असा चहा पिता पिता नेमला गेला नसेल.

चैत्रात आठवडाभर टँकर आला नाही. बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. मी होते, मावशी होती, काका होते. त्यांनी सावलीत बसून सगळं लिहून घेतलं, आणि दुपारी टँकर आल्यावर त्यांच्याच फोनवरून ग्रुपवर पडलं, 'आला.' प्रज्ञा नव्हती. ती त्या सकाळी जालन्यात पोलिसांच्याच मैदानावर, पोलिसांनीच छातीवर चिकटवलेला नंबर घेऊन आठशे मीटर पळत होती. तिचं पोलिसात जाणं मला पटत नव्हतं, हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला आत बसवतेत तेव्हा दाराशी एक तरी आपली असावी का न्हाई?"

ती निवडली गेली. पडताळणी काकांकडेच आली, ते काम गोपनीयचंच. वस्तीत येऊन त्यांनी चार घरी विचारलं, पेढा खाल्ला, आणि 'चारित्र्य चांगले' लिहून पाठवलं. थंड खोलीतून त्यावर दुसरा शेरा आला, आणि काकांचा शेरा खाली गेला.

पोळ्याच्या संध्याकाळी मी बदनापूरला गेले. फलाटाच्या बाहेर बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली मिरवणूक चालली होती. काका बाकावर होते. मी उभ्यानेच विचारलं, "कुणी दिला ग्रुपचा स्क्रीनशॉट?"

"मीच," ते म्हणाले. "हंडा मोर्चा झाल्यावर मागितला होता."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन काढला. "शिव्या झाल्या असतील तर मागणी सांग. आधी हे बघ."

स्क्रीनशॉटमध्ये सगळ्यांच्या नावापुढे 'अ‍ॅडमिन'. काकांच्या स्वतःच्या फोनवरचा, म्हणून सगळ्यात वर त्यांचा नंबर नव्हताच, नुसतं 'तुम्ही' लिहिलेलं. कक्षाने नंबर तेवढे उचलले होते, आणि त्यातला प्रज्ञाचा नंबर भरतीच्या अर्जातल्या नंबराशी जुळला होता. स्क्रीनशॉटच्या खाली काकांनी पाठवलेला एक व्हॉइस मेसेज. लांबलचक. समोरच्याने तो ऐकला की माईकची छोटी खूण निळी होते.

"बघ," ते म्हणाले. "तेव्हापासून अशीच हे. राखाडी."

त्यांनी तो मला ऐकवला. पाठीमागे कपबश्यांचा आवाज, लेकरं, आणि काकांचा खाकरलेला सूर: साहेब, हा ग्रुप पाण्याचा हे, इथं बायांनी भांडून भांडून सगळ्यांना अ‍ॅडमिन केलंय, मला बी केलंय, तवा अ‍ॅडमिन बघून कुणाला पुढारी समजू नये. मग आवाज थोडा चढलेला: "आन साहेब, तुमच्या एसीच्या खोलीतून टँकर दिसत न्हाई, एक बार इथं येऊन बसा." आणि शेवटी मावशी, लांबून, "काका, च्या गार होऊन राह्यला, आधी प्या, मंग करा तुमची हेरगिरी!"

"प्रज्ञाला बाजू मांडायला सुनावणी दिलीय. हे तिथं वाजवा," मी म्हणाले.

"त्यात मी काय काय बोललो ते ऐकलंस ना? दिवाळीनंतर रिटायर होऊन राह्यलो मी. आमच्या साहेबांनी काल सांगितलं, डिलीट मारा आन गप बसा."

"आणि प्रज्ञा?"

गाडी आली. कोण उतरतंय ते बघत बसले.

सुनावणी पुढच्या आठवड्यात, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत. एका बाजूला साहेब, शेजारी कक्षातला लॅपटॉपवाला पोरगा. इकडे प्रज्ञा, मोठ्या मिनतवारीने आत बसू दिलेली मी, आणि भिंतीला टेकून उभे काका. त्या दिवशी पूर्ण गणवेशात. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी मैदानाची गोष्ट काढली. साहेब शांतपणे म्हणाले, "ती हजर होती असं आम्ही म्हणतच नाही. ती चालक आहे."

"सिस्टीममध्ये अ‍ॅडमिन म्हणजे ऑर्गनायझर, असंच आहे सर," पोरगा म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

साहेबांनी काकांकडे मान वळवली. "हवालदार, तुम्हाला काही सांगायचंय?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी पेन उघडलं आणि प्रज्ञाला विचारलं, "ग्रुप तू सुरू केलास, हे खरं?"

"हो साहेब. पाण्यासाठी. सगळ्यांना अ‍ॅडमिनबी मीच केलं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

प्रज्ञाने काकांकडे पाहिलं. एक नाव घेतलं असतं तर ती तिथंच सुटली असती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली तिने माझं मनगट दाबलं, दुखेल इतकं. "वस्तीतल्या लोकांना," ती म्हणाली.

साहेब लिहू लागले. खोलीत पंखा आणि पेन, दोनच आवाज. प्रज्ञा ताठ बसली होती, भरतीच्या रांगेत बसतात तशी.

"एक मिनिट," काका म्हणाले. मोर्चात म्हणायचे अगदी तसंच, हात वर करून. "साहेब, एक ऐकायचं राह्यलंय."

त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सारला. बोट नीट लागेना. एकदा चुकून गुलाबाचं फूलच उघडलं. मग फोन टेबलावर ठेवला आणि मेसेज सुरू झाला. मावशीचा ओटा त्या खोलीत आला. लेकरं आली, कपबश्या आल्या. 'मला बी केलंय' आलं. 'एसीच्या खोलीतून' आलं. पोरगा हळूच म्हणाला, "सर, व्हॉइस आपल्याकडे प्रोसेस होत नाही. फक्त टेक्स्ट आणि इमेज." साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. हेरगिरीपर्यंत सगळं वाजलं.

"तुम्ही स्वतः अ‍ॅडमिन?"

"हो साहेब. अजून हे. कुणी काढलं न्हाई."

"आपण काय बोलताय ते कळतंय का, हवालदार?"

"कळतंय. चालक म्हणून लिवायचं असंल तर मला बी लिवा. मी सरकारी माणूस, माझं नाव वर घ्या."

साहेबांनी पेन मिटलं. अहवाल फेरविचारासाठी पाठवतो म्हणाले. बाहेर आल्यावर मी काकांना काहीतरी मोठं बोलणार होते. ते चपराशाला विचारत होते, इथं चहा कुठं चांगला मिळतो.

त्यानंतर काय झालं? काकांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. गोपनीयचं टेबल गेलं, वायरलेसच्या खोलीत बसवलं, रिटायरमेंटचे कागद अडकवले. फेरविचाराचा कागद त्याच थंड खोलीत जाऊन पडलाय. त्यांनी पाठवलेल्या मूळ मेसेजची खूण मी परवाच पाहिली. राखाडी. प्रशिक्षणाची तुकडी दिवाळीनंतर निघते. तोवर आदेश आला नाही तर प्रज्ञाची जागा पुढच्या मुलीला जाईल, आणि ती मुलगीही कुणाच्या तरी ग्रुपवर असेलच.

मी काकांची बाजू घेत नाही. त्यांनी माझ्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली, ते विसरणार नाही. पण त्या नजरेला तोंड होतं. त्या तोंडावर मला शिव्या देता यायच्या, आणि ते म्हणायचं, मागणी सांग. थंड खोलीला मी कुठं जाऊन शिव्या देऊ?

आता वस्तीवाल्यांनो, तुमच्याशी बोलते. पत्र आलं त्या आठवड्यात ग्रुपवरून एकेक जण बाहेर पडला. गुरुजी पडले. दुकानदार पडला. ज्यांची लेकरं भरतीला बसणार आहेत ते सगळे आधी पडले. स्क्रीनवर एकाखाली एक ओळ येत होती, आणि मी बघत होते. ज्यांना भांडून अ‍ॅडमिन व्हायचं होतं त्यांनीही बटण दाबलं. काका पडले नाहीत. वायरलेसच्या खोलीत बसून रोज सकाळी तेच विचारतात, 'टँकर आला का?' उत्तर द्यायला मी, मावशी आणि प्रज्ञा एवढ्याच उरलोय.

या मजकुराच्या खाली ग्रुपची लिंक दिली आहे. आज परत या. आणि सोमवारी अकरा वाजता, आधारकार्ड घेऊन, उपविभागीय कचेरीत या. जबाब दोनच ओळींचा आहे: मी 'टँकर आला का' या ग्रुपचा अ‍ॅडमिन होतो. प्रज्ञा जेवढी चालक, तेवढाच मी. खाली स्वतःच्या हाताने सही करा. भीती वाटत असेल तर माझ्याशेजारी उभे राहा, पण या.